लसणाची फोडणी आणि बोंबलणारा अलार्म

प्रश्न: सर नमस्कार. आम्ही घरीच कडक भाकऱ्या करून विकतो, दोन मोठ्या शेगड्या दिवसभर चालू, म्हणून मुलाने ऑनलाइन गॅस अलार्म मागवला. इलेक्ट्रिशियनने तो वर छताजवळ बसवून दिला. आता लसणाची फोडणी टाकली की बोंब, मुलीने सेंट मारला की बोंब, लाइट जाऊन आली की थोडा वेळ उगाच टीं टीं. सासूबाई म्हणतात काढून टाका ते. बॉक्सवर तर नॅनो सेन्सर लिहिलंय. फसलो का?
(अक्कलकोट रोड, सोलापूर)

उत्तर: ताई, फसला नाहीत, जागा चुकली. आधी तेवढं दुरुस्त करा, बाकीचं मग वाचा. सिलेंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन, दोन्ही हवेपेक्षा जड, गळती झाली की ते पाण्यासारखं खाली पसरतं आणि ओट्याखाली साचतं. हवेत साधारण २ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. आणि तुमचा अलार्म वर बसून फोडणीची वाफ हुंगतोय! तो जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, सिलेंडरच्या बाजूला, पण शेगडीला चिकटून नको. (पाइपचा गॅस असेल तर उलटं, तो मिथेन, हलका, त्याला वरच लावायचं. तुमच्या इलेक्ट्रिशियनने बहुतेक तेच कुठंतरी ऐकलेलं असणार.)

आता फोडणीचं. त्या डबीत बहुतेक वेळा टिन ऑक्साइड असतं, टिन म्हणजे आपलं कल्हईचं कथील. त्याच्याखाली बारीक हीटर असतो, तो त्याला २०० ते ४०० अंशांपर्यंत तापवतो, म्हणूनच लाइट गेली की ते गार होतं आणि परत तापून जागेवर येईपर्यंत भलतंसलतं वाचतं, तुमची टीं टीं ती. तापलेल्या कणांवर हवेतला ऑक्सिजन चिकटतो आणि कणातले इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, मग वीज जायला अडथळा वाढतो. जळणारा गॅस आला की तो या ऑक्सिजनला खाऊन टाकतो, इलेक्ट्रॉन सुटतात, अडथळा कमी होतो, अलार्म वाजतो. जपानमध्ये घराघरात गॅसचे स्फोट व्हायचे, त्यातून नाओयोशी तागुची यांनी १९६२ साली याचं पेटंट घेतलं, आणि आजही स्वस्तातल्या डब्या याच तत्त्वावर चालतात.

पण यात एलपीजी ओळखला कुठे? ऑक्सिजन कुणीतरी नेला एवढंच त्याला कळलं. सेंटमधलं अल्कोहोल असो, कडकडीत तेलाची वाफ असो, त्याला सगळे सारखेच, म्हणजे कडी वाजली की ओरडणारा वॉचमन, आलेला पाहुणा की चोर ते त्याला माहीत नाही. चांगल्या कंपन्या आत कोळशाचा फिल्टर टाकतात, पॅलेडियमसारखा धातू किंचित मिसळतात, त्याने फरक पडतो, पूर्ण नाही. आणि एक, केसांच्या सीरममधल्या सिलिकॉनच्या वाफेने हे कण हळूहळू कायमचे आंधळे होतात. तेव्हा मुलीला सांगा, सेंट राहू दे, सीरम दुसऱ्या खोलीत.

प्रश्न: सर मी बीएस्सी फिजिक्सला आहे. नॅनो म्हणजे बारीक, पण बारीक करून नेमकं काय मिळतं? आणि मग सगळीकडे नॅनो सेन्सर का नाहीत?

उत्तर: हा खरा प्रश्न. वर सांगितलेली ऑक्सिजनची करामत कणाच्या फक्त सालीत चालते, आणि टिन ऑक्साइडमध्ये ती साल साधारण ३ नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाड. कण मोठा असेल तर आतला सगळा गर आरामात वीज वाहतो, बाहेर काय चाललंय त्याला पत्ता नाही. कण ६ नॅनोमीटरच्या आसपास आणला की दोन्ही बाजूंची साल मिळून गरच संपतो, अख्खा कण सालच, आणि सेन्सिटिव्हिटी एकदम उसळते. जपानमधल्या यामाझोए यांच्या ग्रुपने १९९१ मध्ये हे दाखवलं. २००० साली स्टॅनफर्डच्या लोकांनी एकाच कार्बन नॅनोट्यूबवर (कार्बनच्या अतिबारीक नळीवर) अमोनिया आणि नायट्रोजन डायऑक्साइड पकडले, तेही हीटरशिवाय, रूम टेंपरेचरला. २००७ मध्ये ग्राफीनवर, म्हणजे एका अणूएवढ्या जाडीच्या कार्बनच्या पापुद्र्यावर, एकेक रेणू बसला-उठला तेवढंही दिसलं.

मग अडलं कुठे? नाक तिखट झालं पण ओळख कच्चीच राहिली. जो कण एका रेणूला दचकतो तो दमट हवेलाही दचकतो, आपल्याकडे मे महिन्यात कोरडा ठणठणीत ४२ अंश आणि जुलैत ओल, म्हणजे गॅस नसतानाचं झिरो रीडिंगच सरकत राहणार. शिवाय हीटर नसला की चिकटलेला गॅस लवकर सुटत नाही. लॅबमध्ये कोरड्या हवेत काढलेला ग्राफ बघून भुलू नकोस, पेपरमध्ये आर्द्रतेचा कॉलम आहे का ते आधी शोध. ओळखीसाठी एक रस्ता म्हणजे वेगवेगळे कच्चे सेन्सर एकत्र लावून सगळ्यांच्या उत्तरांचा पॅटर्न वाचायचा, आपलं नाक तेच करतं, सुमारे ४०० प्रकारचे रिसेप्टर (वास टिपणारे रेणू) मिळून शेंगाचटणीचा वास ठरवतात. लांब जायला नको, आपल्या सोलापूर विद्यापीठातच पॉलिअ‍ॅनिलिन या वीज वाहणाऱ्या प्लास्टिकच्या फिल्मवर अमोनिया आणि नायट्रोजन डायऑक्साइड पकडायचं काम झालंय. प्रोजेक्टसाठी तिथे जाऊन विचार, लाजू नकोस.

प्रश्न: साखर कारखान्यात ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करायच्या) टाकीवर काम करतो. जुने लोक म्हणतात कुजक्या अंड्याचा वास गेला की उतरायला हरकत नाही. मीटर कशाला?

उत्तर: भाऊ, हे ऐकू नका. तो वास हायड्रोजन सल्फाइड या विषारी गॅसचा, अगदी थोड्यालाही येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर होतं, म्हणजे वास गेला याचा अर्थ गॅस वाढला असाही असू शकतो. आणि तो हवेपेक्षा जड, तळाला बसतो. तुमच्या कमरेचं मीटर नॅनोबिनो नसतं, त्यात बहुतेक इलेक्ट्रोकेमिकल सेल (गॅसच्या रासायनिक क्रियेतून वीज मोजणारा) असतो, तो इथे टिन ऑक्साइडपेक्षा कितीतरी भरवशाचा. मीटर दोरीला बांधून आधी तळापर्यंत सोडा, ऑक्सिजनचं रीडिंगही बघा, १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. कुणी आत पडलंच तर त्याला काढायला दुसऱ्याने तसंच उडी टाकायची नाही, असेच एकामागे एक जातात. आणि मीटरच्या मागे कॅलिब्रेशनच्या (रीडिंग बरोबर येतं का ते तपासून जुळवल्याच्या) तारखेचा स्टिकर असतो, तो आज ड्यूटीवर गेलात की बघा. स्टिकरच नसेल तर सुपरवायझरला तसं लेखी द्या.