आधी कॉन्स्टेबल समजून घे, कायदे नंतर

अरे, सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या गावांचा अभ्यास करायचा म्हणून तू लगेच कायदे पाठ करायला बसलास, मीही सुरुवातीला तेच केलं आणि सहा महिने वाया घालवले. १५५२ चा कायदा म्हणतो की एलहाऊस, म्हणजे बिअरचा गुत्ता, चालवायचा तर दोन जस्टिसांचं, म्हणजे स्थानिक न्यायाधीशांचं, लायसन्स हवं. १५९८ पासून भटक्याला कमरेपर्यंत उघडं करून रक्त येईस्तोवर फटके आणि मग पासपोर्ट, म्हणजे प्रवासाचा लेखी परवाना, देऊन जन्मगावी रवानगी. कागदावर एकदम कडक. पण हे करणार कोण? गावचा कॉन्स्टेबल, म्हणजे तिथलाच एखादा शेतकरी नाहीतर कारागीर, वर्षभरासाठी गळ्यात पडलेलं काम, पगार शून्य, आणि वर्ष संपलं की त्याच शेजाऱ्यांसोबत राहायचंय. आता विधवा बाई विनालायसन्स बिअर विकून पोट भरतेय, तिचं नाव तो कोर्टात का देईल? म्हणून कॉन्स्टेबलच्या रिपोर्टमध्ये ‘सगळं ठीक’ दिसलं की लगेच विश्वास ठेवू नकोस बरं का, कधी खरंच ठीक असायचं, कधी नुसती डोळेझाक.

भटक्यांचं मात्र वेगळं, परका माणूस, त्याला हाकलला तर कुणी रुसत नाही, उलट गावाचा गरिबांवरचा खर्च वाचतो. सॉलिसबरी शहराचं पासपोर्ट रजिस्टर बघ, १५९८ पासूनचं, त्यात कुणाला फटके मारले, कुठे पाठवलं ते एकेका ओळीत लिहिलंय. आणि १६०६ चा दारुड्यांचा दंड, ५ शिलिंग, नसतील तर सहा तास खोड्यात, तो प्रत्यक्षात कितींकडून वसूल झाला ते तुझ्या काउंटीच्या, म्हणजे तू निवडलेल्या जिल्ह्याच्या, कागदांत आधी शोध.