काळोख दिसला म्हणून काय झालं?

प्रिय मित्रा,

समुपदेशकांनी 'डोळे मिटून शांत समुद्र डोळ्यांसमोर आणा' म्हटलं, तुला नुसता काळोख दिसला. वर प्रश्नावलीवर 'कल्पनाशक्ती कमी' असा शेरा. तेवढ्यावरून स्वतःला बाद करून बसलास? राग येतो, आणि तो तुझ्यावर नाही.

चित्र दिसणं वेगळं, कल्पना करणं वेगळं.

तुझ्या हातातली ती 'ऑटिझम कोशंट', म्हणजे ऑटिझमची लक्षणं किती ते मोजणारी प्रश्नावली, 2001 सालची. 50 प्रश्न, त्यातले 10 कल्पनाशक्तीचे. मनात चित्र सहज उभं राहतं का, गोष्टीतल्या पात्राच्या मनात काय आहे ते कळतं का, लहानपणी खोटं-खोटं खेळायचास का, हे सगळं त्या एकाच बेरजेत. म्हणून बेरीज सोड, कुठल्या प्रश्नांमुळे तो शेरा आला ते बघ. रापणीची होडी कुठून वळवली तर जाळ्याचा वेढा कुठे पडेल, हे तू किनाऱ्यावर उभं राहून सांगतोस. ती कल्पना नाही तर काय?

चित्र न दिसण्याला 2015 पासून 'अफँटेझिया' हे नाव आहे. तो आजार नाही. आणि ऑटिस्टिक माणसं चित्रांतच विचार करतात, हेही सगळ्यांना लागू नाही. टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक लेखिका-पशुशास्त्रज्ञ चित्रांत विचार करतात, पण कुणी शब्दांत करतं, कुणी आकृतिबंधांत.

तपासायचं असेल तर मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मार्क्स यांची 1973 ची, मनातलं चित्र किती स्पष्ट ते मोजणारी प्रश्नावली घे: 16 प्रश्न, प्रत्येकाला 1 ते 5. मूळ प्रतीत 1 म्हणजे लख्ख चित्र, पुढच्या बऱ्याच प्रतींत उलटं. मोजपट्टी आधी वाच, नाहीतर निकाल उफराटा लागेल. लोक चुकतात ते आणखी एका जागी. ओळखीच्या दुकानाचं दार आठवायला सांगतात. 'दार निळं आहे' हे ठाऊक असणं म्हणजे निळं दिसणं नव्हे. ठाऊक आहे पण दिसत नाही, तर 'दिसत नाही' हेच उत्तर. मग लाटांचा आवाज, सुकटाचा वास, आमसुलाचा आंबटपणा मनात येतो का, तेही वेगवेगळं लिही. चित्र नसून आवाज असू शकतो.

समुपदेशकांना सरळ सांग: 'मला चित्र दिसत नाही, दुसरा व्यायाम द्या.' ओली वाळू मुठीत धरून श्वास मोजणं चालेल. नव्या गावी जायचं तर एसटी स्टँडचे फोटो आधी मागव, टप्पे कागदावर लिही. त्यात कमीपणा कसला?

चित्र दिसणं वेगळं, कल्पना करणं वेगळं. पुन्हा सांगतोय, कारण तू पुन्हा विसरशील.

दाराचं उत्तर आधी कळव.