वाचक विचारतात : वाघनख, फासकी आणि उसातली पिल्लं

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून वाघ-बिबट्यांबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात देत आहोत.

२०२४ मध्ये सातारच्या संग्रहालयात वाघनखं पाहिली. तेव्हापासून धाकट्याला गळ्यात वाघनख हवंय. जत्रेत एका पथारीवाल्याने चांदीत मढवलेलं नख दाखवलं, अस्सल आहे म्हणाला. खरं-खोटं कसं ओळखायचं? आणि घेतलं तर चालेल का?
— एक वाचक, सातारा

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. चालणार नाही, घेऊ नका. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून जुलै २०२४ मध्ये साताऱ्यात आलेली वाघनखं म्हणजे पोलादी शस्त्र. जनावराच्या नखाशी त्यांचा नावापुरताच संबंध. मुलाला हेच समजावून सांगा, आणि हवं तर त्या शस्त्राची धातूची छोटी प्रतिकृती घेऊन द्या.

पथारीवरची बहुतेक नखं गाई-म्हशींच्या शिंगापासून किंवा खुरापासून कोरलेली असतात. खरं नख बाजूंनी चपटं असतं. आत हाडाचं टोक आणि त्यावर टोपीसारखं चढलेलं पोकळ आवरण, अशी त्याची घडण असते. आवरणाचे पापुद्रे सुटतात, खालच्या कडेला दोन्ही बाजूंच्या मधे खाच दिसते. कोरलेलं नख सहसा आतून भरीव आणि सगळीकडे सारखं गुळगुळीत असतं. मात्र चांदीची टोपी बसवली की ओळखायचा मूळचा भागच झाकला जातो, म्हणून नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. जाळून वास घ्यायची युक्ती तर अगदीच निरुपयोगी. शिंग, खूर, केस आणि नख एकाच द्रव्याचे, म्हणजे केराटिनचे. चारही जळताना सारखाच वास येतो. खात्री डीएनए तपासणीतूनच होते, आणि ती वन विभागामार्फत डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या प्रयोगशाळेत करून घेतात.

वाघ आणि बिबट्या दोन्ही वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांचा कोणताही अवयव बाळगल्यास किंवा विकल्यास किमान ३ वर्षं, जास्तीत जास्त ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. त्यातही कलम ५७ लक्षात ठेवा. वस्तू तुमच्या ताब्यात सापडली, तर तो ताबा बेकायदा नाही हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. ‘मला खोटं वाटलं होतं’ एवढं म्हणून सुटका होत नाही.

खोटं नख घेतलं तर निदान वाघ तरी वाचतो, असं काही जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. खोट्यावर फसलेलं गिऱ्हाईक पुढच्या वेळी ‘खात्रीचं’ मागतं आणि त्यासाठी जास्त पैसे मोजायला तयार होतं. एका जनावराला १८ नखं असतात, पुढच्या पंजांना पाच-पाच आणि मागच्यांना चार-चार. गावोगाव अशी अठरा गिऱ्हाइकं तयार असली, की फासात अडकलेल्या बिबट्याला भाव येतो.

पथारीवाल्याशी घासाघीस करू नका. पुरावा मिळवायला खोटं गिऱ्हाईक तर मुळीच बनू नका, कारण त्या व्यवहारात तुम्हीच आरोपी ठरू शकता. ठिकाण, वेळ, गाडीचा नंबर टिपून ठेवा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. मोबाइलवर कोणी फोटो पाठवला असेल तर नंबर आणि तारखेसह स्क्रीनशॉट काढा. तो पुढे कोणालाही पाठवू नका.

आमच्या वाड्याच्या माडीवर आजोबांच्या वेळचं वाघाचं कातडं आहे, डोक्यासकट. कागद कुठे आहेत कोणालाच माहीत नाही. वाटण्या होणार आहेत. भाऊ म्हणतो, विहिरीजवळ पुरून टाकू. काय करावं?
— वाई तालुका

पुरू नका, जाळू नका, नातेवाइकाकडेही ठेवू नका. या तिन्ही गोष्टी पुरावा नष्ट करण्यात किंवा बेकायदा हस्तांतरणात मोडू शकतात.

आधी जुनी पेटी, दप्तर, वकिलाकडची फाइल नीट पाहा. तुम्हाला मुख्य वन्यजीव रक्षकांनी दिलेलं मालकी प्रमाणपत्र शोधायचं आहे. आजोबांचा बंदुकीचा किंवा शिकारीचा जुना परवाना म्हणजे ते प्रमाणपत्र नव्हे, आणि घरोघरी गोंधळ होतो तो नेमका इथेच. ज्यांनी जाहीर केलं नव्हतं त्यांना एप्रिल २००३ पासून १८० दिवसांची शेवटची मुदत दिली होती. तीही गेली, की कागद नसलेली वस्तू अडचणीचीच.

प्रमाणपत्र सापडलं तर वारसाने मिळालेल्या वस्तूची घोषणा वारसा मिळाल्यापासून ९० दिवसांत करायची असते. वाटणीत ज्याच्या वाट्याला येईल त्याने हे काम टाळू नये. तो बंगळूरला राहत असेल आणि कातडं तिकडे नेणार असेल, तर ३० दिवसांत त्याचीही माहिती द्यावी लागते. ठेवायचंच नसेल तर प्रमाणपत्रासह सरकारजमा करता येतं. त्याचा मोबदला म्हणून काही रक्कम मिळत नाही.

प्रमाणपत्र नसेल तर वन्यजीव कायद्याची माहिती असलेल्या वकिलाला बरोबर घ्या आणि साताऱ्याच्या उपवनसंरक्षकांना लेखी अर्ज द्या. त्यात वस्तूचं वर्णन, लांबी-रुंदी, ती घरात कधीपासून आहे, कोणाच्या ताब्यात आहे हे लिहा आणि सगळ्या बाजूंचे फोटो जोडा. पोचपावती घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका. स्वतः होऊन अर्ज करणारा माणूस आणि धाडीत सापडलेला माणूस यांच्याकडे अधिकारी आणि कोर्ट एकाच नजरेने पाहत नाहीत.

एक इशारा तब्येतीचा. त्या काळी कातडी टिकवायला सोमलयुक्त, म्हणजे विषारी आर्सेनिक असलेला, साबण सर्रास वापरत. कातडं झटकू नका, उन्हात टाकू नका. हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय हात लावू नका आणि लहान मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.

महामार्गावर गाडीने उडवलेला बिबट्या वन विभागाने जाळून टाकला. एवढं देखणं जनावर, दात-नखं शाळेला का देत नाहीत?
— एक शिक्षिका, कराड

तुमची कळकळ समजते. पण तो जाळला नसता तर त्याचे तुकडे बाजारात गेले असते. शवविच्छेदनाआधी अवयव मोजतात. नखं १८, सुळे चार, मिशा शाबूत आहेत का, कातडं कुठे फाटलंय का, हे सगळं पंचनाम्यात येतं. वाघाच्या बाबतीत तर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची सूचनाच आहे, की दुसरं काही सिद्ध होईपर्यंत मृत्यू शिकारीचा समजून तपास करायचा. त्यानंतर साक्षीदारांसमोर राख होईपर्यंत दहन. चिता पेटवून माणसं लवकर निघून गेली, तर जाड हाडं आणि सुळे अर्धवट राहतात आणि रात्री कोणीतरी ते वेचून नेतं. म्हणून राख होईपर्यंत पहारा ठेवायचा आणि उरलेली हाडं फोडायची. हा नियम कडक वाटतो, पण तो बरोबर आहे. गळ्याजवळ स्नायूंत सुटं असलेलं गळपट्टीचं छोटं हाड सुद्धा ताइतासाठी विकलं जातं, तेव्हा काहीच मागे ठेवून चालत नाही.

रस्त्यावर मेलेला बिबट्या दिसला तर दोन्ही बाजूंची गाड्यांची रांग थांबवा, शरीरावर गोणपाट टाका, १९२६ आणि ११२ ला फोन करा आणि वनरक्षक येईपर्यंत तिथून हलू नका. पहिल्या तासाभरात फोटो काढायला जमलेल्या गर्दीतूनच नख उपटलं जातं. आधी खात्री मात्र करून घ्या. कान किंवा शेपटीचं टोक हलत असेल, छाती वर-खाली होत असेल, तर तो जिवंत आहे. निपचित पडलेला बिबट्या एकदम उठून हल्ला करू शकतो.

रानडुकरं भुईमूग आणि मका ठेवत नाहीत. शिवारात काही जण क्लच वायरची फासकी लावतात. मागच्या वर्षी त्यात बिबट्या अडकला. पोरांनी वायर तोडून सोडला, तो पळालाही, तरी वन विभागाचे साहेब रागावले. चूक काय झाली?
— एक शेतकरी, शिराळा तालुका

पळाला म्हणजे वाचला असं नसतं. फास डुकरासाठी लावतात, पण त्याच वाटेने बिबट्या येतो आणि तार बहुतेक वेळा त्याच्या कमरेत अडकते. मोटारसायकलची क्लच वायर अनेक बारीक तारांच्या पिळाची असते. ओढ बसेल तशी आवळत जाते आणि मागे सैल होत नाही. बाहेरून चार बोटांची जखम दिसते, आत आतडी आणि मूत्राशय चिरडलेलं असू शकतं. त्याहून फसवं आहे ते स्नायूंचं. तासन्‌तास जिवाच्या आकांताने ओढाताण केल्यावर स्नायूंचे तंतू तुटतात, त्यांतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडं बंद पडतात. असं जनावर दोन-चार दिवसांनी कुठल्या तरी ओढ्यात जाऊन मरतं. तो बिबट्या पशुवैद्यकांनी बेशुद्ध करून तपासायला हवा होता, म्हणून साहेब रागावले.

पुन्हा असं झालं तर माणसं किमान शंभर मीटर मागे घ्या, कुत्री बांधा, आरडाओरडा आणि मोबाइलचे फ्लॅश बंद करा. शांत जनावराला बेशुद्धीचं औषध दहा-पंधरा मिनिटांत लागू पडतं. चवताळलेल्याला पुन्हा डोस द्यावा लागतो, आणि दुसरा डोस त्याच्या जिवावर बेतू शकतो. तार कुठे बांधली आहे ते लांबूनच पाहून ठेवा. खुंटी ढिली असेल तर पथकाला आधी तेच सांगा.

रिकामी फासकी दिसली तर ती उपटून खिशात घालू नका. जागेवर फोटो काढा, मोबाइलवरून ठिकाण टिपा, वनरक्षकाला बोलवा आणि त्याच्या हातून काढून घ्या. नाहीतर पुरावाही जातो आणि बोटंही तुमची उमटतात. शोधायची तर कुंपणाच्या फटी, ओढ्याच्या काठच्या पायवाटा, पाणंदीची वळणं आणि उसाच्या बांधातली जाण्या-येण्याची भोकं पाहा. एक सापडली की आसपास आणखी असतातच. लावणारा एकच लावून थांबत नाही.

थेट विजेची तार सोडणं तर फासकीहून वाईट. तिने बिबट्या मरतो, तशीच पहाटे दारं धरायला गेलेली माणसंही मरतात. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे हटतं, जीव जात नाही. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं, पात्रतेची चौकशी वनक्षेत्रपाल कार्यालयात करा. तारेखालचं गवत कापलं नाही तर झटका जमिनीत उतरतो आणि मग ‘कुंपण चालत नाही’ अशी तक्रार होते. पावसाळ्यात दर पंधरवड्याला तारेखालून कोयता फिरवा. पिकाच्या नुकसानीचा पंचनामाही करून घ्या. तो हक्क सोडून देऊ नका.

बिबट्याने शेळी मारली म्हणून शेजारी उरलेल्या धडावर विषारी औषध टाकणार म्हणतो.
— वाळवा तालुका

त्याला आजच थांबवा. विष पहिल्यांदा गावची कुत्री, कोल्हे, घारी खातात. बिबट्या त्यानंतर. आणि मेलेला विषारी बिबट्या कातड्यासाठी उचलायला माणसं टपलेलीच असतात. शिवाय धडावर विष सापडलं की भरपाई अडकते आणि मालकावर गुन्हा दाखल होतो. धड जागेवरून हलवू नका, ४८ तासांच्या आत वन विभागाला कळवा, गळ्यावरच्या सुळ्यांच्या खुणांचे फोटो काढा आणि पंचनाम्याची प्रत मागून घ्या.

ऊसतोडीत फडात बिबट्याची पिल्लं सापडतात. टोळी घाबरते, काम थांबतं. आम्ही करायचं काय?
— एक मुकादम, कराड तालुका

पहिली गोष्ट, ती पिल्लं बिबट्याचीच आहेत का ते पाहा. उसात वाघाटी या छोट्या जंगली मांजराची आणि रानमांजराची पिल्लंही सापडतात. वाघाटीचं पिल्लू अगदी लहान, कपाळावर पांढऱ्या रेघा, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी. रानमांजराच्या कानाच्या टोकाला काळे केस आणि शेपटीच्या टोकाकडे काळी वळी. बिबट्याचं पिल्लू दाट लोकरीसारखं, पाय जाड, ठिपके एकमेकांना चिकटलेले. वाघाटी आणि रानमांजरही संरक्षित आहेत, तेव्हा काळजी तिघांचीही सारखीच.

कोयता थांबवा आणि त्या जागेभोवती ऊस उभा ठेवा. आई जवळच असते आणि दिवसा माणसं असेपर्यंत येत नाही. पिल्लाला हात लावू नका, टोळीतल्या पोरांना फोटोसाठी मांडीवर घेऊ देऊ नका आणि गाईचं दूध पाजू नका. त्याने जुलाब लागतात, आणि उताणं धरून पाजलं तर दूध श्वासनळीत जातं. वनरक्षक आल्यावर पशुवैद्यक तपासतात. मग संध्याकाळी, जिथे सापडली त्याच जागी, आई सहज उलटवू शकेल अशा क्रेटमध्ये पिल्लं ठेवतात आणि कॅमेरा लावतात. जुन्नर भागात वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत. आई बहुधा अंधार पडल्यावर येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. दोन पिल्लं असतील तर दुसरं न्यायला तिला तासभरही लागतो. पहिलं गेलं म्हणून कोणी बॅटरी घेऊन पाहायला गेलं, की ती दुसऱ्यासाठी परत येत नाही. पहिल्या रात्री आली नाही तर दुसऱ्या रात्री पुन्हा ठेवतात.

चूक होते ती जागेत. पिल्लं शेतातून उचलून टोळीच्या राहायच्या कोप्यांजवळ आणतात, दुसऱ्या दिवशी कुठे सापडली ते कोणालाच नीट सांगता येत नाही आणि क्रेट दोन फड सोडून ठेवला जातो. म्हणून पिल्लू दिसल्याक्षणी बांधावर खूण करा, कापड बांधा, सरी मोजा. राहिलेल्या तोडीचं काय, तर फडाच्या एका कडेकडून तोडत जा आणि जंगलाच्या किंवा ओढ्याच्या बाजूची कड शेवटपर्यंत मोकळी ठेवा. चारही बाजूंनी तोडत आत आलात, तर आई मधल्या पट्ट्यात कोंडते आणि बाहेर पडायला तिला टोळीतूनच वाट काढावी लागते.