पहिला तास पाकिटांचा घ्या

वर्गात आहार शिकवताना चौरस आहाराचा तक्ता पहिल्याच दिवशी लावू नका. मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. त्याऐवजी खाऊची रिकामी पाकिटं मागवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, हे आधी सांगा. मग साखरेचा आकडा शोधायला लावा आणि दर ४ ग्रॅमला एक चहाचा चमचा साखर पेल्यात टाकायला लावा. इथे हमखास घोळ होतो: आकडा १०० ग्रॅमचा असतो, पाकीट ४० ग्रॅमचं. गुणाकार मुलांनाच करू द्या.

नवी भाजी चाखवताना मटारएवढा तुकडा पुरे. ‘खाऊन संपव’ म्हणालात की खेळ संपला. आवड बसायला आठ-दहा वेळा चव घ्यावी लागते, कधी जास्तच. ॲलर्जीची चौकशी मात्र आदल्या आठवड्यातच पालकांकडे करा.

नासाडी किती होते ते कळायला जेवणात उरलेलं अन्न सलग पाच दिवस बादलीत तोलायचं. सालं-बिया वेगळ्या, नाहीतर फळांच्या दिवशी नासाडी उगाच फुगते. कोणाच्या ताटातलं किती, हे लिहू नका. वर्गाचा एकच आकडा. आणि कुणाच्याही डब्यावर शेरा नको, डबा मूल भरत नाही.