वाचकांचे प्रश्न : सागरी सूक्ष्मशैवाले आणि पाण्यातील रासायनिक संकेत

प्रश्न : सुट्टीत आम्ही खंभातला गेलो होतो. आखातातील भरती-ओहोटीने सतत ढवळले जाणारे गढूळ पाणी पाहताना मनात एक शंका आली. समुद्रातील एकपेशीय शैवाले पाण्यातील रासायनिक संकेत ओळखून आपले वागणे बदलतात, असे मी वाचले आहे. त्यांना नाक नाही, मज्जासंस्था नाही आणि पाणी तर क्षणभरही स्थिर नाही. मग संकेत टिकतो कसा आणि तो कळतो कसा?
— एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आपल्या प्रश्नाचा पहिला भाग, म्हणजे ढवळणाऱ्या पाण्यात संकेत टिकतो कसा, हा अधिक अवघड आहे. खंभातच्या आखातातील भरती देशातील सर्वांत मोठ्या भरतींपैकी आहे आणि तेथे पाण्याला स्वस्थता नसते, हे खरेच. परंतु पाण्यातील भोवरे लहान होत होत एका मर्यादेपर्यंतच पोहोचतात. साधारण एक मिलिमीटर, किंवा प्रवाह जोरदार असेल तर त्याचे काही दशांश, एवढ्या अंतराखाली पाण्याचा चिकटपणा वरचढ ठरतो आणि भोवरे विरून जातात. सूक्ष्मशैवालाची पेशी बहुधा मिलिमीटरच्या काही हजारांशांपासून काही शतांशांपर्यंतच असते. तिच्या लेखी पाणी मधासारखे दाट असते. म्हणून तिने सोडलेले रेणू तिच्यापासून मुख्यतः विसरणानेच, म्हणजे रेणूंच्या आपोआप पसरण्यानेच, दूर जातात, आणि विसरण जवळच्या अंतरात वेगवान, पण लांबच्या अंतरात फारच मंद असते. लहान रेणूला मिलिमीटरचा दहावा भाग पार करायला सुमारे 5 सेकंद पुरतात, तर एक सेंटिमीटर जायला अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ लागतो. परिणामी प्रत्येक पेशीभोवती तिच्याच द्रव्यांचा एक पातळ थर राहतो. वेन बेल आणि राल्फ मिचेल यांनी 1972 मध्ये या थराला ‘फायकोस्फिअर’ असे नाव दिले. समुद्रातील बहुतेक रासायनिक देवघेव याच थरात होते. दोन पेशी किंवा एक पेशी आणि एक जिवाणू पुरेसे जवळ आले, तरच एकाचा संकेत दुसऱ्याला मिळतो.

आता तो कळतो कसा, हे पाहू. मज्जासंस्था लागते ती असंख्य पेशींमध्ये निरोप पोहोचवण्यासाठी. एकाच पेशीचे काम प्रथिने आणि आयन यांच्यावर भागते. फेओडॅक्टिलम नावाच्या डायटममध्ये, म्हणजे सिलिकाचे कवच असणाऱ्या शैवालांच्या गटातील एका जातीत, शास्त्रज्ञांनी कॅल्शियम वाढले की प्रकाश देणारे एक प्रथिन बसवले. हा प्रयोग 2000 साली प्रसिद्ध झाला. भोवतालचे पाणी हलवले, क्षारतेचा ताण दिला किंवा उपाशी पेशींना लोह पुरवले की पेशीतील कॅल्शियम क्षणात वाढे आणि प्रकाशाच्या रूपाने ते मोजता येई. पेशीपटलावर काहीतरी घडते, त्यामुळे आत कॅल्शियम उसळते, आणि त्या उसळीच्या वेगावर व आकारावर पुढची क्रिया ठरते, अशी ही साखळी आहे.

मला स्वतःला सर्वांत बोधप्रद वाटते ते डायटमांच्या ॲल्डिहाइडांचे प्रकरण. काही डायटम जखमी झाले, उदाहरणार्थ एखाद्या भक्षकाने चावले, की त्यांच्यातील मेदाम्लांपासून काही क्षणांत डेकाडाइएनलसारखी ॲल्डिहाइडे तयार होतात. ही द्रव्ये कोपेपॉड या चिमुकल्या कवचधारी प्राण्यांची अंडी उबण्यात अडथळा आणू शकतात, हे 1999 मध्ये दाखवण्यात आले. पुढे 2006 मध्ये असे दिसले की तीच द्रव्ये शेजारच्या डायटमांवरही काम करतात. मात्रा जास्त असेल तर पेशीत कॅल्शियम आणि नायट्रिक ऑक्साइड वाढून ती मरते. मात्र आधी सौम्य मात्रा मिळालेली पेशी नंतरच्या मारक मात्रेपुढे अधिक तग धरते. म्हणजे द्रव्य एकच, पण ते इशारा ठरणार की विष, हे मात्रेवर अवलंबून आहे. समुद्राच्या खुल्या पाण्यात मोजलेल्या मात्रा मात्र प्रयोगशाळेतील मात्रांपेक्षा बऱ्याच कमी असतात, त्यामुळे या परिणामाची जागा जखमी पेशीच्या अगदी शेजारी शोधावी लागते. म्हणूनच ‘शैवाले एकमेकांशी बोलतात’ असे मथळे वाचताना थोडे सावध राहावे.

भक्षकाचा सुगावा लागल्यावर काय होते, याचे उदाहरण अधिक ठोस आहे. कोपेपॉड जी मेदद्रव्ये पाण्यात सोडतात, त्यांना ‘कोपेपॉडामाइड’ म्हणतात. एका लिटर पाण्यात त्यांचा मोलच्या (रेणूंचे प्रमाण मोजण्याच्या एककाच्या) एक लाख कोटीव्या भागापासून शंभर कोटीव्या भागापर्यंतचा अंश असला, तरी अलेक्झांड्रियम मिनुटम हे शैवाल आपले शिंपल्यांतून माणसापर्यंत पोहोचू शकणारे विष वाढवते. 2015 मधील प्रयोगांत ही वाढ जास्तीत जास्त 20 पटींपर्यंत आढळली. स्केलेटोनेमा हा साखळी करून राहणारा डायटम त्याच द्रव्यांमुळे आखूड साखळ्या करतो, कारण लांब साखळी भक्षकाच्या वाटेत सहज येते. फिओसिस्टिस ग्लोबोझा हे शैवाल तर भक्षक ओळखून उलटसुलट उपाय करते: कोपेपॉडांचा संकेत मिळाला की वसाहत करणे कमी करून सुट्या पेशींत राहते, आणि बारीक पेशी टिपणाऱ्या सिलिएटांचा, म्हणजे केसांसारख्या तंतूंनी पोहणाऱ्या एकपेशीय भक्षकांचा, मिळाला की वसाहतींकडे झुकते.

सगळेच संकेत भीतीचे नसतात. सल्फिटोबॅक्टर या जिवाणूला एक विशिष्ट डायटम ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल पुरवतो आणि जिवाणू त्यापासून इंडोल ॲसिटिक आम्ल, म्हणजे वनस्पतींना परिचित असलेले ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक, तयार करतो. त्याने डायटमाची विभागणी वाढते. ब-12 जीवनसत्त्वासाठीही अनेक शैवाले जिवाणूंवर अवलंबून असतात.

प्रश्न : हे फक्त समुद्रातच घडते का? मी शाळेत जीवशास्त्र शिकवते; वर्गात दाखवता येण्याजोगे काही आहे का?
— एक शिक्षिका, रावपुरा, वडोदरा

उत्तर : गोड्या पाण्यातही घडते, आणि ते पाहणे सोपे आहे. सेनेडेस्मस हे तळ्यातले हिरवे शैवाल डॅफ्निया या पाणपिसवेचा रासायनिक माग लागताच सुट्या पेशींऐवजी चार किंवा आठ पेशींच्या वसाहती करते, ज्या लहान डॅफ्नियांना गिळणे अवघड जाते. शिवाय वसाहती लवकर बुडतात आणि उजेडापासून दूर जातात. म्हणून संकेत नसताना त्या करणे शैवालाला परवडत नाही.

मत्स्यालयाच्या दुकानात माशांचे खाद्य म्हणून डॅफ्निया मिळू शकतात. सेनेडेस्मसचे एकच मिश्रण दोन बरण्यांत वाटावे. एकीत डॅफ्निया ठेवलेले आणि बारीक गाळलेले पाणी घालावे, दुसरीत तेवढेच साधे पाणी. दोन्ही सारख्या उजेडात ठेवून दोन-तीन दिवसांनी 400 पट दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक थेंब पाहावा आणि सुट्या पेशी व वसाहती मोजाव्यात. तळ्यातून थेट आणलेल्या नमुन्यात वसाहती आधीच असण्याची शक्यता असते, म्हणून पाणी घालण्यापूर्वीची मोजणीही वहीत लिहून ठेवावी.