तो परिच्छेद तिला परत द्या

आपले तीन पानी पत्र मी दोनदा वाचले. आपली मुलगी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, तिला पुढे कलेच्या इतिहासात एम.ए. करायचे आहे, आणि एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच इम्प्रेशनिस्ट चित्रकर्ती बेर्त मोरिझो हिच्यावरील प्रकल्पातला तिचा एक परिच्छेद ‘हे समाजशास्त्र आहे, चित्रकला नव्हे’ असे म्हणून आपण काढून टाकलात. शैलीचा अभ्यास की सामाजिक इतिहास, यांपैकी कशाला भवितव्य आहे, असे आपण विचारता. मला काळजी वाटते ती त्या काढलेल्या परिच्छेदाची. पत्रात तिच्या बासष्ट टक्क्यांचा उल्लेख चारदा येतो. तिचे स्वतःचे वाक्य एकदाच, आणि तेही चुकीचा नमुना म्हणून: ‘कठडा चित्रात आहे, तसा चित्रकर्तीच्या आयुष्यातही होता.’ असे वाक्य लिहिणाऱ्या मुलीला पाहता येते.

शैली तेवढी कलेतली आणि समाज कलेबाहेरचा, हा आपला समज चुकीचा आहे. मोरिझोच्या 1872 च्या ज्या चित्राविषयी तो परिच्छेद आहे, त्यात काळ्या पोशाखातली स्त्री आणि एक लहान मुलगी गॅलरीतून दूरवरचे पॅरिस पाहत आहेत. जवळचा गडद पोशाख, पलीकडचे फिकट शहर आणि दोहोंना तोडणारा कठडा हे शैलीचा अभ्यासक दाखवतो. देगा, माने या तिच्या समकालीन चित्रकारांनी कॅफे आणि रंगमंचामागच्या जागा रंगवल्या, तर मोरिझो आणि मेरी कसाट या चित्रकर्तींच्या चित्रांत गॅलऱ्या, दिवाणखाने आणि बागाच अधिक का, हा प्रश्न ग्रिसेल्डा पोलॉक यांच्यासारख्या अभ्यासकांनी 1980 च्या दशकात लावून धरला. प्रतिष्ठित घरातल्या स्त्रीला त्या जागी मोकळेपणी वावरता येत नव्हते. पॅरिसच्या सरकारी कलाशाळेने मुलींना प्रवेश दिला तो 1897 मध्ये, आणि मोरिझो 1895 मध्येच वारली होती. पण हा सगळा युक्तिवाद उभा आहे तो त्या कठड्यावर, आणि चित्राची रचना ज्याने नीट पाहिली नाही त्याला तो सुचणारच नाही. उलट, तिच्या कुंचल्याला ‘स्त्रीसुलभ नाजूकपणा’ म्हणून मोकळे होणाऱ्या समीक्षकांनी शैलीचे नाव घेऊनही चित्र पाहिले नाही. चित्राकडे न बघता ‘सत्ता’, ‘वर्ग’ असे शब्द पेरलेले निबंधही मी पुष्कळ तपासले आहेत, आणि तेही तितकेच निरुपयोगी असतात.

हा विषय बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात आणि दिल्लीच्या जेएनयूत शिकता येतो, पुढे अध्यापनासाठी नेट ही पात्रता परीक्षा आहे. नोकऱ्या मोजक्या आहेत, हे तिला स्पष्ट सांगावे.

परंतु आधी तो परिच्छेद तिला परत द्या. कठडा चित्रात नेमका कुठून जातो आणि त्याच्या कोणत्या बाजूला काय आहे, एवढे वर्णन तिने सुरुवातीला घालावे, मग 1897 कडे वळावे. यापुढचे पत्र मला तिचे हवे आहे, आणि ते आपण वाचून न पाहता पेटीत टाकावे, ही विनंती.