तुटक्या इंग्रजीचं इंडोनेशियन करताना अडकलेल्या मुलीला

तू लिहिलंयस की दोन वर्षं बहासा इंडोनेशिया शिकलीस, मग एका एजन्सीची टेस्ट आली, त्यात मशीनच्या मॅन्युअलमधलं 'रेड लाइट व्हेन वॉटर नो ऑपरेट' हे वाक्य होतं, तू शब्दाला शब्द ठेवून 'लाम्पू मेराह कतिका आइर तिदाक बरोपरासी' केलंस आणि नापास झालीस, आता ही लाइनच सोडू का म्हणतेस.

नको सोडूस. चूक भाषेची नाहीये गं, तू वाक्याला प्रश्नच विचारला नाहीस. लाल लाइट लागला की पाणी संपलंय म्हणून मशीन चालवू नका, की पाणी येत नसेल तर लाइट लागतो? दोन्ही अर्थ निघतात. वर 'लाम्पू मेराह', म्हणजे लाल दिवा, म्हटलं की तिथल्या माणसाला आधी चौकातला सिग्नलच आठवतो, आणि 'पाणी ऑपरेट होत नाही' याला तर काही अर्थच नाही. आधी चित्र बघायचं, मॅन्युअलमधली मागची-पुढची वाक्यं वाचायची, तरी उलगडलं नाही तर क्लायंटला सरळ विचारायचं, त्यात लाज कसली. पहिला अर्थ पक्का झाला तर साधं 'पाणी संपलं असेल तर मशीन सुरू करू नका' म्हणायचं, म्हणजे 'जांगान हिदुपकान मसिन जिका आइर हाबिस', आणि लाल लाइट म्हणजे पाणी संपलंय हे वेगळ्या वाक्यात. उत्तर यायच्या आधीच फाइल द्यावी लागली तर तू कुठला अर्थ धरलास ते सोबत लिहून दे, मनातल्या मनात ठरवून गप्प बसू नकोस.

एक गोष्ट तुझ्या बाजूची आहे. इंग्रजीत नुसतं 'वी' असतं, इंडोनेशियनमध्ये ऐकणारा धरून 'किता' आणि त्याला सोडून 'कामी', म्हणजे आपलं आपण आणि आम्ही! हा फरक इंग्रजीवाल्यांना घोकावा लागतो, तुझ्या कानात तो लहानपणापासून आहे. इंडोनेशियनमध्ये क्रियापदाला काळ लागत नाही, 'सुदाह' (झालंय), 'सदांग' (चालू आहे), 'आकान' (व्हायचंय) असे शब्द जोडायचे, म्हणून मूळ इंग्रजीत काळच गोंधळलेला असेल तर झालंय का व्हायचंय हे तुलाच शोधून काढावं लागतं.

पण खरं सांगते, परक्या भाषेत अनुवाद करणं जास्त अवघड. त्यामुळे इंडोनेशियनमधून मराठी-इंग्रजीचं कामही घे, आणि इंडोनेशियनमध्ये जाणारी फाइल तिथल्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय देऊ नकोस. केबीबीआय हा त्यांचा सरकारी शब्दकोश ऑनलाइन आहे, तो रोज उघड. दार्मासिस्वा ही त्यांच्या सरकारची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची स्कॉलरशिप आहे, तिची चौकशी मुंबईच्या इंडोनेशियन वकिलातीत कर. आणि ती टेस्ट परत सोडवून मला पाठव, या वेळी प्रत्येक वाक्याखाली तुझे प्रश्नही लिही.